कमरेच्या पेशी आणि गणपतीचा मान

आमच्या घरचा गणपती मूर्तिकाराच्या चित्रशाळेतून डोक्यावरून आणतात. शेताच्या मेरेवरून, व्हाळावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, ओलांडून. आणणारा घरातला थोरला, म्हणजे मी. माझा चुलतभाऊ माझ्याहून आठ महिन्यांनी धाकटा, आणि हे आठ महिने त्याने मला आजवर माफ केलेले नाहीत. घरामागच्या परड्यातल्या एका फणसावरून आमचं बोलणं अकरा वर्षं बंद होतं. गणपतीपुढे मात्र आरती एकत्र म्हणायचो, एकमेकांकडे न बघता.

गेल्या वर्षी माझा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. दुखण्याचं मला एवढं नव्हतं. पण चतुर्थीला मी अडखळलो तर मूर्ती त्याच्या डोक्यावर जाईल, या विचाराने माझी झोप उडाली. अशात वेंगुर्ल्याला एका हॉलमध्ये शहरातले डॉक्टर शिबिर घेणार असल्याची जाहिरात वाचली. ऑपरेशन नाही, टाके नाहीत, स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या आणि चालत घरी जा. बायकोला घेऊन मी पहिल्या एसटीने हजर.

डॉक्टर तरुण, गुळगुळीत. पडद्यावर हिरवे गोळे उड्या मारत होते. "या तुमच्याच पेशी. कमरेच्या हाडातून काढायच्या, गुडघ्यात सोडायच्या. कुठे झिजलंय ते त्यांना बरोबर कळतं. आपणहून कामाला लागतात."

"नक्की गुण येईल?" मी विचारलं.

"प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, काका."

फणसाच्या दाव्यात आमच्या वकिलानेही इतकं सावध उत्तर दिलं नव्हतं. बायको कानाशी कुजबुजली, "कमरेतलो माल गुडघ्याच्या मदतीक जातलो? आपल्या घरातलो कोण कोणाच्या मदतीक गेलोहा आजपर्यंत?"

मी तिला गप्प केलं, कारण पुढच्या रांगेत एक ओळखीचं टक्कल दिसलं. चुलतभाऊ! त्यानेही मला पाहिलं आणि घाईघाईने भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचायला लागला. आता माघार कसली? त्याने इंजेक्शन घ्यायचं आणि मी तसंच घरी जायचं? वर्षाच्या सगळ्या काजूचा पैसा आम्ही दोघांनी त्या सुयांत ओतला.

पुढे चार महिने मी गावभर सांगत सुटलो, खूप फरक आहे म्हणून. कसला फरक! सकाळी पलंगाचा खांब धरल्याशिवाय उठता येत नव्हतं, आणि तो खांबही मी आसपास कोणी नाही असं पाहूनच धरायचो. कमरेच्या पेशी गुडघ्यात जाऊन बहुधा हद्दीवरून भांडत बसल्या असाव्यात.

चतुर्थीला मूर्ती घेऊन निघालो. साकवाच्या दुसऱ्या पायरीवर गुडघा अडकला. वर जाईना, खाली येईना, आणि डोक्यावर देव. मागे टाळ घेऊन चुलतभाऊ होता. अकरा वर्षांनी मी त्याच्याशी बोललो.

"धर रे."

त्याने मूर्ती घेतली, एक पायरी चढला आणि कण्हला. "माझो पण गेलो."

दोघे साठीतले वीर मूर्तीला चार हात लावून उभे, आणि हलता एकालाही येत नव्हतं. माझ्या गुडघ्यावर भरवसा नाही म्हणून बायको आमच्या मागोमाग आली होती. "सरा," म्हणाली, पदराची चुंबळ केली, मूर्ती डोक्यावर घेतली आणि मागे न बघता चालू पडली. आम्ही लंगडत, एकमेकांचा दंड धरून तिच्या मागे.

घरी चौरंगावर मूर्ती ठेवायला ती खाली बसली. उठताना तिने भिंत धरली, ओठ आवळले. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा उठली.

"तुझे पण गुडघे दुखतत?" मी विचारलं.

"धा वर्सां झाली."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"तुमी इचारलात कधी?" एवढं बोलून ती खोबऱ्याचं वाटप वाटायला आत गेली.

मला तिथेच, देवासमोर, स्वतःची लाज वाटली. शिबिरात खुर्च्या फक्त पेशंटांना होत्या. ती दुपारपर्यंत माझी पिशवी घेऊन उभी होती.