त्या पिक्चरचा शेवट कुणी पाहिला?

भूतखेत, करणी, चकवा… यातलं मी काहीच मानत नव्हतो. मी केबलवाला माणूस. चित्र येत नसेल तर कुठेतरी वायर तुटलेली असते, एवढंच माझं तत्त्वज्ञान. तेव्हा खालचं वाचून "शकीलभाई, तुम्हीसुद्धा?" असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शिरूरला आमच्या गच्चीवर डिश आणि खालच्या खोलीत कंट्रोल रूम — म्हणजे एक टीव्ही, एक व्हीसीआर आणि वायरींचं जंजाळ. आसपासच्या गल्ल्यांत आमचीच केबल. एक चॅनेल आमचा स्वतःचा, त्यावर दुपारी पिक्चर लावायचो, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाची कॅसेट. एका रविवारी मी टीव्हीवरून टेप केलेला जुना ब्लॅक अँड व्हाइट सस्पेन्स पिक्चर लावला. बंगल्यातली बायको गायब होते, नवरा सांगतो पळून गेली, आणि तिची बहीण हात धुऊन त्याच्या मागे लागते. लावला आणि जेवायला गेलो. जेवताना आठवलं… टेप करताना ऐन शेवटाला लाइट गेली होती! पुढे कॅसेटभर नुसत्या मुंग्या. म्हटलं, आता गल्लीच्या शिव्या खायच्या.

एकही शिवी आली नाही. संध्याकाळी चहाच्या हॉटेलात गेलो तर तिथे वाद पेटलेला.

"नवरा निर्दोष व्हता," सलूनवाले आप्पा सांगत होते. "बायको शेवटी परत येती की. पाया पडती त्याच्या."

"कायबी बोलता आप्पा! नोकरानं मारली तिला," शिंपीमामा भडकले. "त्याला फाशी देत्यात, त्ये न्हाई बघितलं?"

हायस्कुलातले एक गुरुजी दोघांनाही अडाणी ठरवत होते. त्यांच्या मते बायको मुळात नव्हतीच, सगळं नवऱ्याच्या डोक्यातलं.

"अहो, कॅसेटमध्ये शेवट नव्हताच!" मी म्हणालो. तर तिघं एकदम माझ्यावरच उखडले. आम्ही काय आंधळे आहोत का म्हणे. मी समजलो, जेवून डुलक्या काढल्या असणार, आणि आता कुणी हार मानायला तयार नाही.

दुसऱ्या दिवशी सखूमावशी आली. आमच्या मागच्या खोलीत एकटी राहायची. घरची मेंढरं कधीच विकलेली, आता मार्केट यार्डात कांदा निवडायला जायची. एकुलती एक मुलगी मंदा दौंडला दिलेली, जावयाची पिठाची गिरणी. त्याच्या दोनेक वर्षं आधी मंदा नाहीशी झाली होती. "पळून गेली," असं जावयानंच सगळीकडे सांगितलं, तक्रारही त्यानंच दिली आणि वर्षाच्या आत दुसरी बायको केली. मावशीनं ते मान्य केलं होतं. नव्हे, घट्ट धरून ठेवलं होतं. "पळाली तर पळाली, कुठंतरी खाऊन-पिऊन आसंल," म्हणायची, आणि दर दिवाळीला लेकीसाठी साडी घेऊन ठेवायची.

"शकील, ती बाई पळाली न्हाई रं," ती दारातच म्हणाली. "नवऱ्यानं पुरली तिला. इंजिनाच्या हौदामागं."

"मावशी, बंगल्यात इंजिन कुठून आलं?"

"मी बघितलं. मला परत दाव."

गिरणीचं डिझेल इंजिन गार ठेवायला शेजारी पाण्याचा हौद असतो. तसा हौद जावयाच्या गिरणीत होता, हे मला ठाऊक होतं. मी कॅसेट लावली. चित्र तुटलं, मुंग्या सुरू झाल्या. मावशी मात्र पडद्याच्या अगदी जवळ सरकली आणि त्या मुंग्यांकडे बघत बोलत राहिली. "आता कुदळ घेतली… आता तिला वढतोय… तोंड दिसंना रं. पदर हिरवा हाय, मंदाचा हाय." मला खरखरीशिवाय काही दिसत नव्हतं.

गल्लीत हे पसरायला कितीसा वेळ! येता-जाता लोक तिला छेडायचे. "मावशी, आज कुठला शेवट?" आप्पा तर तिला गाठून गाठून सांगायचे, "बायको परत येती, मावशी. दार उघडं ठिवा." सगळे खो-खो हसायचे. माणसं किती हलकट असतात, ते मी त्या महिन्यात पाहिलं.

शेवटी मीच तिला घेऊन दौंडला गेलो. पिक्चरचं नाव काढायचं नाही, असं वाटेतच ठरवलं होतं. मावशी एवढंच म्हणाली, "जावईबापू, हौदामागची जागा उकरून बघायची हाय."

मला वाटलं, हा आता अंगावर येईल. तो हसला. आत जाऊन कुदळ आणि फावडं घेऊन आला आणि तिच्या हातात दिलं. "उकरा की, मामी. मन मोकळं करा."

आधी मावशीनं कुदळ मारली, मग मी. दळणाला आलेली माणसं डबे खाली ठेवून बघत उभी राहिली. जावई पोत्यावर बसून चहा पीत होता. मधेच म्हणाला, "आजून खोल जाऊ द्या, लाजू नका." कमरेएवढा खड्डा झाला, खाली मुरूम लागला. काही नाही. एक हाड नाही, चिंधी नाही. मावशी खड्ड्यातच खाली बसली. बघणारे हसू लागले. जावई म्हणाला, "आता बुजवून जा, मामी. गल्लीतली पोरं खेळत्यात हितं." आणि त्यानं खरोखर तिच्याकडून खड्डा बुजवून घेतला. मला फावड्याला हात लावू दिला नाही. आजही ते आठवलं की माझं डोकं सणकतं.

आम्ही निघालो तेव्हा तो दारापर्यंत आला. आवाज खाली आणून, अगदी मायेनं बोलला.

"मामी, तुम्ही शेवट चुकीचा बघितला. मी बघितला त्यात तिला हितं न्हाई पुरली."

आमची केबल शिरूरच्या तीन-चार गल्ल्यांपलीकडे जात नव्हती. कॅसेट माझ्या कपाटात होती. शिरूरहून कुणीतरी चहाडी केली असेल, असं तुम्ही म्हणाल. असेलही. पण मग आप्पांना, मामांना, गुरुजींना, मावशीला त्या मुंग्यांत काय दिसलं? ती कॅसेट मी पुन्हा पुन्हा लावून पाहिली. मला आजतागायत काही दिसलेलं नाही, आणि याचा उलगडाही झालेला नाही.

परतीच्या एसटीत मावशी खिडकीबाहेर बघत बसली होती. तिची नखं मातीनं भरलेली. मी समजूत घालत होतो, "मावशी, तिथं काहीच निघालं नाही, बघ. म्हणजे मंदा जिवंत असणार. तो मुद्दाम छळायला बोलला." न्हावऱ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"हितं न्हाई म्हणाला," ती म्हणाली. "म्हंजी पुरली तर हाय."