आईचे रोल, तुमचे डबे

आई गेली त्या संध्याकाळी तुमच्यापैकी एकीने मला फोनवर फ्रीजरबद्दल विचारलं.

नाव घेत नाही. ती हे वाचते आहे आणि खाली हात जोडलेला इमोजी टाकायच्या बेतात आहे.

"फार वाईट झालं गं," ती म्हणाली. आणि लगेच, "अगं, त्यांनी या वर्षीचे बिस्किटांचे रोल करून ठेवलेत का? नाही, सहज विचारलं."

सहज.

आईला अजून घरातून नेलंही नव्हतं.

तर हो, रोल आहेत. अख्खा फ्रीजर भरलाय. मटार ठेवायला जागा नाही.

जे आईला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आम्ही मूळ नागपूरचे. बाबांच्या इन्शुरन्समधल्या नोकरीमुळे जयपूरला आलो आणि इथल्या मानसरोवर भागातच राहिलो. हिवाळ्यात नागपूरहून संत्र्यांची पेटी आली की आई साली किसायला बसायची.

लोणी, पिठीसाखर, मैदा आणि ती किसलेली साल. फार मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. त्याचे जाड रोल वळून बटर पेपरमध्ये गुंडाळायचे आणि फ्रीजरमध्ये टाकायचे. नाताळच्या सुट्टीत हवा तेव्हा रोल काढा, चकत्या कापा, ओव्हनमध्ये ठेवा. ताजी बिस्किटं तयार.

आपल्या इथल्या मराठी ग्रुपमधल्या प्रत्येक घरासाठी एक रोल असायचा.

"बिस्किटं काय, कोणीही देईल," आई म्हणायची. "भाजतानाचा वास थोडीच देता येतो बाप्पा? तो ज्याच्या त्याच्या घरात सुटला पाहिजे."

म्हणून ती कच्चे रोल द्यायची.

आणि तुम्ही ते भाजून घ्यायला परत आणायचात, सोबत आपला डबा.

"काकू, आमचा ओव्हन बिघडलाय."

"काकू, माझ्या चकत्या वेड्यावाकड्या होतात."

"काकू, तुमच्या हाताची चवच वेगळी."

हे शेवटचं सगळ्यात जास्त डोक्यात जातं. एखाद्या बाईला आयुष्यभर ओव्हनपुढे उभं ठेवायचं असेल तर एवढं एक वाक्य पुरतं.

चकत्या वेड्यावाकड्या का होतात, तेही ती दरवर्षी सांगायची. प्रत्येक काप झाला की रोल जरासा फिरवायचा, नाहीतर खालची बाजू चपटी होते. तुम्ही बँकेच्या शाखा चालवता, आयटीत टीम सांभाळता. एक रोल फिरवता आला नाही?

मग गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी बांधून ती तुमचे डबे भरायची.

आपल्यात डबा रिकामा पाठवत नाहीत. हे मात्र तुम्ही सगळ्यांनी अगदी कटाक्षाने पाळलंत. डबा यायचा आणि तळाशी चमचाभर साखर. प्रत्येक घरातून, प्रत्येक वर्षी. आई ती सगळी साखर एका बरणीत ओतायची आणि पुढच्या वर्षी दळून रोलमध्ये घालायची. मतलब, तुमचीच साखर तुम्हाला परत.

उन्हाळ्यापासून ती आजारी होती. विद्याधर नगरहून मानसरोवर लांब पडतं, असं तुम्ही ग्रुपवर लिहिलंत. डिसेंबरात डबे घेऊन येताना ते कधी लांब पडलं नव्हतं.

या वर्षी मी तिला रोल करू देणार नव्हते. लोण्याची पाकिटं उचलून वर ठेवली.

"काय करून राहिली तू? दे ते इकडे."

"कोणासाठी, आई? एक तरी तुला बघायला आलं का?"

ती खुर्चीत बसून साल किसत होती.

"येतील ना," ती म्हणाली. "रोल न्यायला येतील."

तिला सगळं कळत होतं. मला उगाच वाटायचं की ती भोळी आहे.

किसणी खाली ठेवून ती म्हणाली, "एकदा कोणी भाजून आणली असती तर खाल्ली असती मी. गरम. बसल्या जागी."

मी लगेच ओव्हन लावायला उठले तर म्हणाली, "तू बस. तू घरची आहेस. मी दुसऱ्यांचं बोलून राहिले."

तक्रार नव्हती ती. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं म्हणाली.

सगळे रोल पुरे केले. त्याच आठवड्यात ती गेली.

ते फेकून द्यायचं मी ठरवलं होतं. कचऱ्याची काळी पिशवीही काढली होती. पण प्रत्येक रोलची दोन्ही टोकं तिने टॉफीसारखी पिळून ठेवली आहेत. ती बघत मी फ्रीजरचं दार उघडं टाकून रडत उभी राहिले.

आणि मग लक्षात आलं, फेकले असते तर तुम्ही सुटला असतात.

उद्या तेरवी आहे. तुम्ही सगळे गोडाचं जेवायला येणार आहात. त्यासाठी मानसरोवर लांब पडणार नाही, हे मला माहीत आहे.

जाताना प्रत्येकाने आपला रोल घेऊन जायचा. कच्चा. मी एकही चकती कापून देणार नाही, आणि माझ्या हाताला कसलीही वेगळी चव नाही. ओव्हन बिघडला असेल तर दुरुस्त करून घ्या. नाहीतर शेजारी मागा.

जरा वेळ बाहेर ठेवा. धारदार सुरीने कापा. रोल फिरवत राहा.

घरात वास सुटेल. तो तिने तुमच्यासाठी ठेवलाय, घ्या.

मग डबा भरून इकडे आणा. तिच्या फोटोसमोर ठेवायचाय. गरम असतानाच.

साखर घालून आणलात तर दारातूनच परत पाठवीन.

आणि इथे श्रद्धांजली लिहू नका. तिला ती वाचता येणार नाही आणि मला वाचायची नाही.

आई, ते आणतील की नाही, मला माहीत नाही.

तू मात्र आता उठू नकोस.