मेथीच्या जुड्यांपाशी कोणी नव्हतं

आमच्या इंदिरानगरातल्या मराठी प्राथमिक शाळेत दिवाळीची सुट्टी संपली की सगळं एकदम अंगावर येतं. क्रीडा सप्ताह, सहल, स्नेहसंमेलनाच्या नाचांची तालीम, आणि या सगळ्यांच्या आधी बालबाजार. बालबाजार म्हणजे मुलांनी घरून भाजी, फळं, खाऊ आणायचा, मैदानावर मांडायचा आणि आलेल्या पालकांना विकायचा. खेळातून व्यवहार शिकतात म्हणे मुलं. मी तोच खेळ रोज पहाटेपासून खेळते, तेव्हा मला त्याचं फारसं कौतुक नाही. पण मुलगी तिसरीत आहे आणि तिला होतं.

माझं भाजीचं दुकान आहे. सुरुवात द्वारका चौकात, रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून. समोर कोथिंबीर आणि डोक्यावर ऊन. आता स्वतःचं शटर आहे, टेम्पो आहे, तो नवरा चालवतो. यातलं काहीही मला कुणी हातात आणून दिलेलं नाही. मार्केट यार्डात अजूनही व्यापारी मला येताना बघून म्हणतात, "आली बाई, आता डोकं खाणार." मी खाते. खाल्ल्याशिवाय पोट भरत नाही.

तर बालबाजाराच्या आधी पालकांची सभा झाली. मी उठून म्हटलं की मुलांना एक दिवस मी शिकवते. भाजी कशी मांडायची, पाणी किती मारायचं, काटा कसा धरायचा, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं. मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही भाजी पाठवा फक्त. भरपूर पाठवा." सगळे हसले. उद्घाटनाला बोलावलं एका मुलाच्या वडिलांना. ते कुठल्याशा कंपनीत मोठे साहेब आहेत. माझ्याच दुकानात मेथी समजून शेपू घेऊन गेलेला माणूस! तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी भाजी पाठवली, आणि अशी पाठवली की त्या दिवशी दुकानात माझ्या स्वतःच्या गिऱ्हाइकांना दुसऱ्या नंबरची मिळाली.

मुलीला मी लवकर सोडलं. बाजाराचा नियमच आहे, आधी येईल त्याची जागा. तिने व्यासपीठासमोरची पहिली जागा धरली, चटई अंथरली, मेथीच्या जुड्या उभ्या लावल्या, वाटाण्याचा ढीग केला. मी म्हटलं, दुपारी दुकानातली गर्दी ओसरली की येते.

मी पोचले तेव्हा मैदान गजबजलेलं होतं. कर्ण्यावर गाणी चालू होती. तिची चटई मला व्यासपीठासमोर दिसली नाही. ती होती पार मागे, नळांच्या ओळीपाशी, चिखलात अर्धी. मेथी होती. वाटाणे होते. छोटा काटा होता. मेथीच्या जुड्यांपाशी कोणी नव्हतं. एक आजोबा वाटाणे सोलून खात उभे होते. "कोण आहे इथं? द्यायचं कुणाकडं?" असं मलाच विचारत होते.

पहिल्यांदा मला रागच आला. माल उघडा टाकून जातात का कुणी? शेजारी चिंचेच्या गोळ्या विकणाऱ्या मुलीला विचारलं, "ही कुठं गेली गं?"

"गेली."

"अगं पण कुठं?"

"रुसून गेली. मघाशीच."

मी स्वच्छतागृहात पाहिलं. तिसरीच्या वर्गात पाहिलं, तिथे नुसते बाक आणि उघडी दप्तरं. तिचं दप्तरही होतं. दप्तर टाकून ती कधी पाण्यालासुद्धा जात नाही.

वर्गाच्या बाई मला व्हरांड्यात भेटल्या. तरुण मुलगी आहे, याच वर्षी लागलेली. मी विचारताच तिच्या तोंडाचा रंग गेला. म्हणाली, "ताई, मी तिला फक्त जागा बदलायला सांगितली. पाहुण्यांचा फोटो काढायचा होता, तिथे केकचा सजवलेला स्टॉल लावायचा होता. ती म्हणाली, मग मी बसतच नाही. मी म्हटलं, नको बसूस. गडबडीत होते हो मी. चटई आम्हीच उचलून मागे नेली. मला वाटलं, येईल मागोमाग."

मी तिला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फाटकावर शाळेच्या मावशी असतात. एरवी ओळखपत्र दाखवल्याशिवाय त्या बापालासुद्धा पोर देत नाहीत. पण त्या दिवशी पालकांसाठी फाटक सताड उघडं होतं. मावशी म्हणाल्या, "लय गर्दी व्हती ताई. तुमची पोरगी गेली ना, बघितली म्या. एक हिरव्या ड्रेसवाली बाई व्हती, दोन्ही हातात पिशव्या. तिच्या मागंमागं गेली. म्या म्हटलं, तिचीच आसंल."

हिरव्या ड्रेसवाली बाई. आमच्या घरात, नात्यात, गल्लीत असं कुणी नव्हतं जिच्या मागे माझी मुलगी जाईल. भाजीवालीची पोर कोण पळवणार, असा एक मूर्ख विचार मनात आला. आणि लगेच त्याच्या मागून दुसरा आला, की पळवणारे असलं काही विचारत नाहीत.

गाणी बंद झाली. मोठ्या बाईंनी माईक घेतला आणि त्या रोज प्रार्थनेला बोलतात त्याच आवाजात बोलल्या, "इयत्ता तिसरीतील विद्यार्थिनी जिथे असेल तिथून तिने ताबडतोब व्यासपीठाजवळ यावे." पुढे तिचं नाव. सगळं मैदान इकडेतिकडे बघायला लागलं. कोणी आलं नाही. मी स्कूटरला किल्ली लावली तर मागची सीट दबली. मोठ्या बाई बसल्या होत्या, साडीचा पदर खोचून.

"तुमच्या शाळेतून पोर गेली, मॅडम," मी म्हटलं. "भाजी पाठवा म्हणालात. भाजीबरोबर पोरही पाठवली होती मी."

"माझ्याच शाळेतून गेली, म्हणून तर आलेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही समोर बघून चालवा."

आम्ही मुख्य रस्त्याला लागलो. हायवेखालच्या बोगद्यापाशी नेहमीसारखी कोंडी होती. रिक्षा, ट्रॅक्टर, सिमेंटचे मिक्सर, दोन्ही बाजूंनी हॉर्न. एवढ्यातून एखादं पोर चालत गेलं तर कुणाला दिसणार? प्रत्येक निळा फ्रॉक मला तिचा वाटत होता. शाळेचा गणवेशच निळा, त्यात शाळेचीच मुलं रस्त्याने घरी निघालेली. मोठ्या बाई प्रत्येकीला हाक मारून थांबवत होत्या.

रिक्षा थांब्यावर ती बाई दिसली. हिरवा ड्रेस, दोन पिशव्या, आणि एकटी. मी स्कूटर तशीच सोडून तिचा दंड धरला. बिचारी घाबरली.

"पोरगी? हो, होती ना माझ्या मागे," ती म्हणाली. "फाटकाच्या बाहेर आलो तोवर होती. मग कुठं वळली काय माहीत. मला वाटलं, तिथेच राहते."

म्हणजे तिला कुणी नेलं नव्हतं. ती आपल्या पायांनी गेली होती. मला हायसं वाटायला हवं होतं. पण आता तिला धरलेला हातच कुठे नव्हता, आणि मला त्याची जास्त भीती वाटली.

आणि तिथे उभी असताना मला कळलं की आम्ही चुकीच्या दिशेला आलो होतो.

भाव पटला नाही की मी पाठ फिरवते. यार्डातला प्रत्येक माणूस हे करतो. पिशवी उचलायची आणि चालू पडायचं. पण लांब जायचं नसतं. हाक ऐकू येईल इतकंच जायचं आणि पाऊल हळू करायचं. समोरच्याला माल विकायचा असेल तर तो बोलावतोच, "ओ ताई, या, घेऊन जा." फक्त एक पथ्य पाळायचं, आपण होऊन मागे वळायचं नाही. वळलं की भाव गेला. माझी मुलगी अंगावर पीत होती तेव्हापासून माझ्या कडेवरून हे बघत आलीय. "मग मी बसतच नाही" असं म्हणून तिने पाठ फिरवली होती. माईकवरून हुकूम सुटला, पण तुझी जागा घे असं म्हणून तिला कुणी बोलावलंच नाही.

"मागे चला," मी मोठ्या बाईंना म्हटलं. "ती शाळेजवळच आहे."

"कशावरून?"

"मी गेले असते तर तिथेच थांबले असते."

शाळेच्या मागे एक बोळ आहे. एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला नवीन इमारतीचं काम. ते काम कित्येक महिने बंद पडलंय. पायासाठी खणलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचून हिरवं झालंय आणि कडेने गंजक्या सळया वर आल्यात. मी बोळाच्या तोंडापासून तिला हाका मारत गेले. घरच्या नावाने मारल्या, शाळेच्या नावाने मारल्या, शपथ घालून मारल्या. उत्तर नाही. भिंतीपलीकडचा मैदानातला कालवा स्पष्ट ऐकू येत होता. म्हणजे इथे असती तर तिला माझा आवाज आलाच असता. आणि येऊनही ती बोलत नसेल तर...

मी खड्ड्याच्या काठाशी गेले. पाण्यावर एक चप्पल तरंगत होती.

ती पुरुषाची होती. मोठ्या माणसाची, अंगठा झिजलेली. पण हे दिसायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माझं काय झालं ते मला सांगता येत नाही. मोठ्या बाईंनी मागून माझा पदर घट्ट धरला होता. माझा तोल जात होता म्हणे. मला आठवत नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडे कर्णा खरखरला. वर्गाच्या बाई होत्या. रडून रडून आवाज फुटलेला. "बाळा, ऐकतेयस का? तुझी पुढचीच जागा. तुझीच आहे ती. मी नाही उठवणार. ये ना गं."

बोळाच्या टोकाला विटांचा ढीग होता. त्याच्या मागून माझी मुलगी उठली. फ्रॉक झटकला. मी तिच्यापासून हाताच्या अंतरावर होते म्हटलं तरी चालेल. ती माझ्याजवळून गेली आणि जाता जाता म्हणाली, "मम्मी, चल, बाईंनी बोलावलंय."

मारायला उचललेला हात तसाच राहिला. ती फाटकातून आत गेली, पुढच्या जागेवर बसली, आणि केकवाल्यांनी मुकाट्याने टेबल सरकवलं. मेथी तासाभरात संपली.

संध्याकाळी तिला भरवताना मी विचारलं, "मी एवढ्या हाका मारत होते. ऐकू येत नव्हत्या तुला?"

"येत होत्या."

"मग ओ का नाही दिलीस?"

"तुझ्याशी थोडंच चाललं होतं माझं?" ती म्हणाली. "तू बोलावलं म्हणून आले असते तर बाईंनी नळापाशीच बसवलं असतं."

घास माझ्या हातात राहिला. खड्डा दिसला तेव्हा मी घाबरले होते. पण आता जी भीती बसली ती अजून उठलेली नाही. माझी हाक ऐकू येऊनही ती येणार नाही. रागावली की येणार नाही. उद्या ती मोठी होईल, रस्ते मोठे होतील, आणि सगळीकडे कर्णा घेऊन रडणाऱ्या बाई नसतील.

शाळेने दुसऱ्याच दिवशी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं की पालकांनी मुलांना हट्टीपणा शिकवू नये. नाव कुणाचं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं. मी लगेच लिहिलं की धरलेली जागा केकसाठी हिसकावून घेऊ नये, हेही कुणीतरी शिकवावं. मोठ्या बाईंनी माझा पदर धरला होता हे मी विसरलेली नाही. "भाजी पाठवा फक्त" हेही विसरलेली नाही. पाठ फिरवून मी माझं दुकान उभं केलं. त्यात वाईट काय, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. पण तीच पाठ मला तिसरीतल्या पोरीची बघायला लागेल, हे मात्र माझ्या हिशेबात नव्हतं.

आता शनिवारी सहल आहे. त्र्यंबकच्या रस्त्याला एका शेतावर, मुलांना भाज्या कुठे उगवतात ते दाखवायला. मी मुलीला नाही म्हटलं होतं. काल शाळा सुटताना वर्गाच्या बाईंनी मला गाठलं. "ताई, पाठवा तिला. ती नाही आली तर मलाच कसंतरी होईल."

"तिथे विहीर असेल," मी म्हटलं.

"आहे. जाळी आहे तिच्यावर. मी जाऊन बघून आले."

"मग एक करा. बसमध्ये तिला कुठंही बसवा, पण एकदा बसवलं की उठवू नका."

बाईंनी जरा विचार केला. मला वाटलं, लगेच हो म्हणतील. मी असते तर म्हटलं असतं आणि नंतर बघितलं असतं. त्या म्हणाल्या, "असा शब्द नाही देता येणार. घाटात कुणाला उलटी होते, कुणाला खिडकी लागते. उठवावं लागलं तर उठवीन. पण उठवलं तर ती दुसरीकडे बसेपर्यंत माझी नजर तिच्यावरून हलणार नाही. एवढंच सांगू शकते."

एवढ्याशा बोलीवर मी आयुष्यात कधी काही दिलेलं नाही. मी आणखी ताणून बघितलं. म्हटलं, निदान पुढची सीट तरी. त्या नाही म्हणाल्या. मला पाठ फिरवता आली असती. मुलगी आमच्या दोघींच्या मध्ये उभी होती, एकदा इकडे बघत, एकदा तिकडे.

"बरं," मी म्हटलं. "न्या."

डबा काय द्यायचा ते ठरलंय. शनिवारी दुकान बंद ठेवणार आहे. नवऱ्याला सांगितलंय की टेम्पो कुणाला देऊ नको, मला लागेल. बसच्या मागे जायचं की घरी बसून फोनकडे बघत राहायचं, ते अजून माझं मलाच ठरवता येत नाही.