मुका चौकोन

बायकोलाही हे मी कधी बोललो नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

हिंगोलीत मी वेबसाइट बनवतो. दुकानं, शाळा, मंगल कार्यालयं — बरीच कामं माझ्याकडेच येतात, आणि लोक मला "सर" म्हणतात. ते ऐकायला मला आवडतं. फार आवडतं. तिथूनच सगळं बिघडलं असेल का?

माझी मावसबहीण रेणुका हट्टा गावात मावशी-काकांजवळ राहते. तिला जन्मापासून दिसत नाही. स्क्रीनवर जे असेल ते फोन बोलून दाखवतो, ती ऐकत ऐकत बोट फिरवते. हे तिला मीच शिकवलं, आणि बघता बघता ती माझ्या पुढे गेली. तिला इथल्या एका संस्थेत कॉम्प्युटर शिकायचं होतं, वसतिगृहात राहायचं होतं. घराबाहेर पडायची तेवढी एकच वाट होती. प्रवेश फक्त वेबसाइटवर. वेबसाइट मी बनवलेली.

आता ऐका. HTML मध्ये, म्हणजे वेबसाइट लिहायच्या भाषेत, बटणासाठी वेगळा टॅग, म्हणजे ठरलेली खूण, असते. ती वापरली की रेणुकासारखा बोलणारा फोन "बटण" म्हणून सांगतो. मी मात्र फ्रेमवर्कसोबत, म्हणजे वेबसाइटच्या तयार सांगाड्यासोबत, मिळणारा एक तुकडा उचलला होता. त्यातून बाहेर पडायचा नुसता चौकोन, वर बाणाचं चित्र — दिसायला झकास, फोनसाठी मुका. साइट अंधांना वापरता येते का, या तपासणीत लाल चुका आल्या होत्या. मी त्या पाहिल्या. तरीही पानाच्या तळाशी "मानकांनुसार तयार" असं लिहून टाकलं. कोण बघतंय? उद्घाटनाला नारळ फुटला, कॉम्प्युटरला हळदीकुंकू लागलं, संस्थेच्या अध्यक्षांनी माउसनं तोच चौकोन दाबला. टाळ्या पडल्या.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी मी अध्यक्षांसमोरच बसलो होतो. रेणुकाचा फोन आला.

"दादा, समदं भरलं बघ. पण पाठवायचं बटनच सापडंना. फोन काहीच बोलून न्हाई राहिला."

मला लगेच कळलं — काय झालं ते, आणि कुणामुळे. "काकांना तो बाण दाबायला सांग," एवढं म्हटलं असतं तरी अर्ज गेला असता. पण मग अध्यक्षांनी विचारलं असतं, काहून, तिला बटण का सापडत नाही? मी म्हणालो, "साइट बराबर आहे, रेणू. तुलाच जमत नाही."

पलीकडून काकांचा आवाज आला. "म्हणलं व्हतं न्हाई का, हे डोळसांचं काम हाय? ठिव त्यो फोन."

फोन बंद झाला. अध्यक्षांनी चहा मागवला, आणि मी तो प्यायलो.

दुसऱ्या दिवशी गुपचूप टॅग बदलला. चुटकीसरशी झालं. प्रवेश तोवर बंद झाले होते. पण तिला खरं काय ते तरी सांगता आलं असतं ना? आलं असतं. कितीदा तरी.

परवा आखाडा बाळापूरच्या लग्नात ती भेटली. मी तिच्यासाठी नवा फोन नेला होता — पाप झाकायला, दुसरं काय! मावशी म्हणाली, "घे की, दादानं आणलाय." रेणुकानं तो हातानं चाचपला आणि परत माझ्याकडे दिला.

"नको दादा. मला न्हाई जमत. तूच सांगितलं व्हतंस की."

टोमणा नव्हता. तिला ते खरंच वाटत होतं. काका, मावशी, सगळे तिथंच उभे होते.

मी फोन खिशात घातला आणि जेवायला जाऊन बसलो.