झाकण नसलेला डबा

गाडी सुरू करण्याआधी काका बॉनेटवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करत. शेजाऱ्याच्या दारावर करावी तशी. मग क्षणभर थांबत आणि नंतरच दार उघडून आत बसत. तुम्ही पहिल्यांदा पाहिलं असतं तर हसला असता. मी तर हसण्यावर थांबलो नाही. "काका, यंत्राला भावना नसतात," असं त्यांना सुनावलं.

"माहीत आहे रे," ते म्हणाले. "पण विचारायला काय जातं?"

मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा होतो आणि जगातल्या यच्चयावत प्रश्नांची उत्तरं मला येत होती. वडील केंद्र सरकारचे अधिकारी, बदलीवर पुण्याहून कलकत्त्याला आलेले. कॉलेजच्या भिंती घोषणांनी भरलेल्या होत्या, खिशात नेहमी कुणाचं तरी पत्रक असायचं. लवकरच मीही पत्रकं काढू लागलो, आणि तीही मराठीत. त्या शहरात मराठी वाचणारे थोडे, त्यांतले निम्मे वडिलांच्या कचेरीतले. तरी मी रविवारी तिथल्या मराठी मंडळाच्या दारात उभा राहून प्रत्येकाच्या हातात क्रांती ठेवत असे. पुढे कळलं की घरोघरी त्या पत्रकांत चिवड्याच्या पुड्या बांधल्या जात होत्या.

काकांनी मला नाव ठेवलं 'बिप्लबीबाबू'. बंगालीत बिप्लबी म्हणजे क्रांतिकारक. मला ती पदवी वाटली.

ते माझे सख्खे काका नव्हेत, मंडळात सगळेच त्यांना काका म्हणत; मराठीच, पण उत्तर कलकत्त्यातल्या बागबाजारचे. तिथेच जन्मलेले, त्यांचे वडीलही तिथलेच. मराठ्यांना अडवायला शहराभोवती जुन्या काळी जो खंदक खणला तो बागबाजारपासूनच सुरू होत होता. काका सांगत, "आम्हाला थांबवायला खणला. आम्ही तिथेच भाड्याने खोली घेतली." विमा कचेरीत नोकरी, पत्नी वारलेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. आणि एक काळी जुनी गाडी.

त्यांचं मराठी मात्र बागबाजारातच वाढलेलं. ते बंगाल्यांसारखं "चहा खा" म्हणत, "माझा गाडी" म्हणत. आमच्या मंडळातली बदलीवर आलेली मंडळी हे ऐकून डोळे मिचकावत. बायका घरी जाऊन नकला करत. काकांना ते कळत असे. सभेत ते शेवटच्या खुर्चीवर बसत आणि तोंड उघडत नसत. पण कुणाला हावड्याला सोडायचं, कुणाच्या आजारी सासूला इस्पितळात न्यायचं, की सगळ्यांना काका आठवत. आणि वर्षातून एक दिवस तर त्यांचाच असे. विसर्जनाला मंडळाचा गणपती त्यांच्या गाडीतून घाटावर जाई. मागच्या सीटवर मूर्ती, पुढे काका, पांढरा झब्बा, डोक्यावर टोपी. त्या दिवशी त्यांच्या व्याकरणाला कुणी हसत नसे.

आदल्या वर्षी गाडी वाटेत पुन्हा पुन्हा बंद पडली. इंजिनात ठिणगी पाडणारे पॉइंट जळत, दमट हवेत तर रुसूनच बसत. अध्यक्षांनी सभेत जाहीर केलं, "यंदा शेवटची संधी. बाप्पा रस्त्यात खोळंबला तर पुढच्या वर्षीपासून ट्रक."

काका टोपी काढून हातात फिरवत राहिले.

तेव्हा नुकताच एक नवा उपाय निघाला होता. पॉइंटांवरचा भार काढून घेणारी ट्रान्झिस्टरची पेटी. पार्क स्ट्रीटमागच्या एका वर्कशॉपात ती बसवून मिळे. काळी, चकचकीत, बाहेरून आलेली, आत लाख ओतून बंद केलेली. सील तोडलं की हमी रद्द. मी काकांबरोबर गेलो होतो. टाय लावलेला माणूस पेटी अशी दाखवत होता की जणू आत दागिने आहेत.

"आणि बंद पडला तर?" काकांनी विचारलं.

"गाडी आमच्याकडे घेऊन यायची."

"बंद पडलेला गाडी आणू कसा?"

टायवाला हसला. मी पेटलो. घरी येऊन रातोरात पत्रक लिहिलं. 'ज्या वस्तूचं झाकण आपल्याला उघडता येत नाही, ती वस्तू आपली नव्हे, आपण तिचे आहोत.' हे वाक्य मला इतकं आवडलं की ते खरं करून दाखवणं भागच पडलं. एका इंग्रजी मासिकातली आकृती उतरवून घेतली, चांदनीच्या बाजारातून जुने सुटे भाग आणले आणि बिस्किटांच्या डब्यात पेटी तयार केली. डाग देताना तीन बोटं भाजली. ती मी आठवडाभर सगळ्यांना दिसतील अशी धरून फिरत होतो.

डबा मांडीवर घेऊन ट्रामने बागबाजारला निघालो. दिवस कसले होते ते तुम्हाला आठवत असेल, शहरात रोज कुठेतरी बॉम्ब फुटत होता. दाढी वाढलेला पोरगा, मांडीवर पत्र्याचा डबा, डब्यातून वायरी लोंबतायत. दोन थांब्यांत माझ्या आजूबाजूची बाकं रिकामी झाली. मला वाटलं, जनता आदराने जागा देते आहे.

काकांनी डबा सगळीकडून न्याहाळला. "झाकण कुठाय?"

"फेकलं. तत्त्व म्हणून."

"अच्छा. आणि बंद पडला तर?"

"पडणारच नाही."

काका खूप हसले. "तुझा उत्तर त्या टायवाल्यापेक्षा वाईट आहे, बिप्लबीबाबू." मग डबा बॉनेटखाली कुठे बसेल ते पाहू लागले.

"म्हणजे माझा घेताय?"

"तू गाडीच्या पुढे चालत असशील. टायवाला कुठे येणार आहे?"

तत्त्वाचा विजय झाला असं मी धरून चाललो. वायरी मी जोडल्या. डॅशबोर्डच्या खाली वाकून शेवटी त्यांनी काहीतरी खुडबुड केली, तिकडे मी लक्ष दिलं नाही. मी पुढच्या पत्रकाचा मथळा ठरवत होतो.

विसर्जनाच्या दुपारी मी गाडीपुढे ढोलाबरोबर चालत होतो. एका हाताने गुलाल उधळायचा, दुसऱ्याने पत्रकं वाटायची. गाडी मुंगीच्या चालीने येत होती, इंजिन तापू नये म्हणून बॉनेट थोडं उघडं ठेवलेलं. अध्यक्षांनी त्यावर झेंडूचा भलामोठा हार घातला होता. चौरंगीच्या चौकात आलो, आणि मागे इंजिन खोकलं. गप्प झालं. मागून ट्राम घंटा बडवू लागली.

अध्यक्ष माझ्याकडे पाहत म्हणाले, "ट्रक!"

माझ्या हातातली पत्रकं घामाने भिजली. मी वळलो. काचेमागे काकांचा चेहरा अगदी शांत होता. ते जरासे वाकले, बस्स. इंजिन गुरगुरलं, सुरू झालं, आणि घाटापर्यंत एकदाही थांबलं नाही.

बाप्पा पाण्यात गेले. आता माझी वेळ होती. साऱ्या मंडळाला मी गाडीजवळ बोलावलं. "या! सामान्य माणसाच्या हाताने बनलेली वस्तू बघा!" म्हणत मोठ्या ऐटीत बॉनेटला हात घातला. इंजिन चालूच होतं. लोक अजून चार पावलांवर असताना मी आत पाहिलं.

अध्यक्षांचा हार बॉनेटच्या फटीतून घसरून थेट माझ्या उघड्या डब्यात पडला होता. त्याच्या दोऱ्यात अडकून मुख्य वायर उपटून आली होती. उरलेल्या डब्यात ओले झेंडू आणि मी स्वतःच्या हाताने उधळलेला गुलाल. माझा डबा केव्हाच मेला होता आणि गाडी त्याच्यावाचून मजेत चालली होती.

"बंद कर, बंद कर," काका घाईने म्हणाले. "धूळ जाते." आणि स्वतःच बॉनेट खाली दाबलं.

"काय हो, चालला का पोराचा डबा?" अध्यक्षांनी विचारलं.

"गाडी घाटावर आहे ना?" काका म्हणाले. "आणखी काय पाहिजे?"

सगळे प्रसाद घ्यायला गेले तेव्हा त्यांनी मला आत बसवलं आणि डॅशबोर्डखाली बोट दाखवलं. तिथे एक छोटा बटणाचा खटका होता, घरात दिव्याला असतो तसला. वर केला की माझा डबा, खाली केला की जुने पॉइंट.

"तुम्ही जुनं काढलंच नव्हतं?"

"काढायचं कशाला? बाजूला ठेवायचं."

जुनं सगळं मुळासकट उखडून टाकण्यावर माझी निदान सहा पत्रकं होती. काकांनी डब्यातला एक झेंडू झटकून माझ्या हातावर ठेवला. "डबा चांगला आहे रे. फक्त झाकण लाव."

मी झाकण लावलं. अजून पत्रकं लिहितो, भांडतो, त्यातलं काही सोडलेलं नाही. पण हल्ली छापायला देण्याआधी एकदा विचारतो, बंद पडलं तर?

ट्रक कधी आला नाही. पुढची सगळी वर्षं बाप्पा काकांच्याच गाडीतून गेले.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी गाडी विकली. डोळे अधू झाले होते आणि मुलगी पुण्याला बोलावत होती. "तिथे सगळेच मराठी बोलतात," ते मला म्हणाले. "मी काय बोलू?" डमडमचा एक गृहस्थ मेकॅनिक घेऊन गाडी न्यायला आला. मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि माझा डबा बघून नाक मुरडलं. "ये क्या टीन का डब्बा है! निकाल देंगे, नया लगाएंगे." मी वाकून खटका पाहिला. तो वर होता, माझ्या डब्याकडे.

"नया लगाओ," काका म्हणाले. "लेकिन इसको निकालना मत. बगल में रहने दो."

ज्यांनी अख्ख्या मंडळाला हावड्याला सोडलं ते स्वतः टॅक्सीने निघाले. मी सामान चढवलं. काका टॅक्सीला वळसा घालून पुढे गेले आणि बॉनेटवर दोनदा टकटक केली.

"क्या हुआ, बाबूजी?" ड्रायव्हर दचकला.

"कुछ नहीं भाई. पूछने में क्या जाता है?"

ते मागे बसले. मी त्यांना मागच्या सीटवर कधीच पाहिलं नव्हतं, तिथे बाप्पा बसायचे. ड्रायव्हरने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं. काकांनी काच खाली केली, मान बाहेर काढली.

"बिप्लबीबाबू, याचे पॉइंट जळालेत. सांग त्याला."

तेवढ्यात टॅक्सी सुरू होऊन निघालीही. कोपऱ्यावर वळली तेव्हासुद्धा काकांची मान बाहेरच होती. ते इंजिन ऐकत होते.