रिकाम्या बँडवरचा भाडेकरू

गांधीबागेतल्या नणंदेच्या घराच्या गच्चीवर वाळलेल्या मुगवड्या काढायला मी एकटीच गेले, तेव्हा वरचा भाडेकरू दूरच्या अनोळखी माणसांशी बोलायचा हॅम रेडिओ घेऊन बसला होता. उंच लोखंडी नळीवर अँटेना होता. बटण दाबून तो हाक मारी, मग मान वाकडी करून, बंद दाराला कान लावावा तसं ऐके.

"रेडिओच्या या बँडवर कोणी येतच नाही," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "पण जो येते, तो आपल्यालेच शोधून राहिला असते."

आभाळ काळं झालं, वीज कडाडली. सगळ्यांत उंच ती नळीच होती. परक्या माणसाशी मी बोलत नाही, तरी ओरडले, "भाऊ, खाली चला!"

तेवढ्यात रेडिओतून कुणा माणसाचा बारीक आवाज आला.

"थांब वं माय," भाडेकरू मला म्हणाला, "किती दिवसांनी कोणी बोलून राहिलं!"

त्याला एकटं टाकून माझा पाय निघेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. "माफ करा, इथं एक बाई भिऊन राहिली. बंद करतो."

तार उपटून, रेडिओ पोटाशी धरून तो उतरला. जिन्यात म्हणाला, "त्याले ऐकू गेलं असन का वं?"

ऐकू गेलं नसेल, तर तो दूरचा माणूस अजून हाका मारत असेल, याची मला विजेपेक्षा जास्त भीती वाटली.