मॅडम खाली हैं

मुलीला घरी परत आणायचं, एवढं एकच ठरवून मी त्या सकाळी टॅक्सीत बसले. फोनवर तिला तुझी वायनरी बघायला येते, असं सांगितलं होतं. ती हसली. म्हणाली, "ये की. घाबरू नकोस, तुला कोणी पाजणार नाही."

तिच्या बाबांचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं. ते भोपाळजवळ मंडीदीपच्या एका कारखान्यात इंजिनियर होते. गेल्या पावसाळ्यात जमिनीखालच्या टाकीत सफाईला उतरलेला एक कामगार आत बेशुद्ध पडला. त्याला काढायला हे धावत उतरले. टाकीत वायू साठला होता. दोघांनाही नंतर दुसऱ्यांनी वर काढलं.

आणि दिवाळीनंतर मुलीने वाइन बनवायची नोकरी धरली. द्राक्षांचा रस आंबताना त्यातून वायू निघतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि खोलगट जागेत साचून राहतो, हे मी वाचून काढलं होतं. वाचलं नसतं तर बरं झालं असतं. बिट्टन मार्केटमध्ये भाजी घेताना ओळखीची एक बाई म्हणाली, आता लग्नाच्या बायोडेटात नोकरीपुढे काय लिहिणार? मी मेथीची जुडी निवडत राहिले. लोक काय म्हणतील याची मला चिंता नव्हती. मला तिथल्या तळघराची भीती होती.

मंडीदीप मागे पडेपर्यंत मी खिडकीबाहेर बघितलं नाही. ड्रायव्हरला गाणी बंद करायला सांगितली होती. मग ती शांतताही नकोशी झाली.

जागा म्हणजे शिकारीला येणाऱ्यांसाठी बांधलेली नवाबी काळातली कोठी. जुन्या दगडी भिंती न पाडता त्यांच्या आतूनच काचेची आणि पोलादाची नवी इमारत वर काढली होती. मुलीने फोटो पाठवले होते, तेव्हा तिचं कौतुक ऐकून मीही छान आहे म्हटलं होतं. समोर उभी राहिले तेव्हा वाटलं, कोठी आ वासून पडली आहे आणि तिच्या घशातून काहीतरी चकचकीत बाहेर येतंय. कमानींचा चुना ओलसर काळा पडला होता. सगळीकडे चिलटं होती. गोड, आंबूस वास हवेत इतका दाटला होता की पदर नाकाला लावावा लागला.

कमानीपाशी बसलेला पहारेकरी फोनवर बोलत होता. मी मुलीची चौकशी केली. त्याने फोनवर हात ठेवला, मागच्या बाजूला मान हलवली आणि म्हणाला, "जाइए, मैडम अभी खाली हैं."

माझं निम्मं आयुष्य भोपाळमध्ये गेलं. हिंदीत माणूस खाली आहे म्हणजे तो मोकळा आहे, हातात काम नाही, हे मला झोपेतही कळलं असतं. पण त्या दिवशी कानांनी मराठीच ऐकलं. मुलगी खाली आहे.

समोर दोन जिने होते. एक लोखंडी, काचेच्या ऑफिसकडे वर जाणारा. दुसरा दगडी, तळघरात उतरणारा. दगडी जिन्यावर एक साखळी आडवी होती आणि भिंतीवर लाल दिवा लागला होता. मी साखळी उचलली आणि उतरले.

खाली कमानींच्या अंधारात पोलादी टाक्या ओळीने उभ्या होत्या. पंख्याचा आवाज नव्हता. मी तिला हाक मारली. नाकात सोडा चढावा तसं झोंबलं. शेवटच्या टाकीच्या मागे जमिनीवर काहीतरी पांढरं पडलेलं दिसलं आणि मी तिकडे चालू लागले. जवळ गेल्यावर कळलं की ते नुसतं फडकं आहे. तोवर डोकं जड झालं होतं, धाप लागली होती.

"आई, मी इथे आहे."

ती जिन्याच्या वर उभी होती. दोन्ही हातांनी चौकट धरून.

"माझ्याकडे बघ. पळू नकोस. चालत ये."

मी कशीबशी जिन्यापर्यंत आले आणि हात वर केला. ती उतरून तो धरेल असं मला वाटलं. ती उतरली नाही. तिच्या मागून पहारेकरी पुढे आला, तर तिने हात आडवा घातला. "नीचे कोई नहीं जाएगा," ती त्याला म्हणाली, आणि तिचे गाल ओले होते. मी कठडा धरून एकेक पायरी चढले. मी पुरती वर आल्यावरच तिने मला धरलं.

अंगणात मोकळ्या हवेत बसवून तिने गावातल्या डॉक्टरला बोलावून घेतलं. तो तपासून गेल्यावर मग चिडली. लाल दिवा दिसला नाही का, साखळी कशासाठी असते, असं पुष्कळ बोलली. मी तिला पहारेकऱ्याचं वाक्य सांगितलं. ते समजायला तिला एक क्षण लागला. एरवी अशा गोष्टीवर ती पोट धरून हसली असती.

पाण्याचा पेला माझ्या हातात देत म्हणाली, "मी एक पाऊल टाकलं होतं, आई. पहिल्या पायरीवर. मग मागे घेतलं."

घरी चल, हे म्हणायची वेळ खरं तर तीच होती. शब्द अगदी ओठांवर होते. पण ते पाऊल मागे घ्यायला तिला मी शिकवलं नव्हतं, तिच्या बाबांनीही नव्हतं. ती ते इथे शिकली होती. माझ्यासोबत घरी आली असती तर रडली असती, जेवली असती, मला सांभाळत बसली असती. मी काहीच म्हटलं नाही. तिने कशाला आली होतीस असं विचारलं नाही. मला वाटतं तिला माहीत होतं.

पंखे चालू करून घ्यायचे होते, म्हणून ती मला टॅक्सीत बसवून आत गेली. गाडी वळताना मी मागे बघितलं. सगळ्या काचांत दुपारचं पांढरं आभाळ भरलं होतं, आणि त्यामागे ती वरच्या मजल्यावर आहे की तळघरात, ते बाहेरून कळत नव्हतं.